अरबी समुद्राच्या अंधारातील कंदीलमासा

रत्नागिरी, प्रतिनिधी –

मिरकरवाडा बंदरात लिलावासाठी उतरणाऱ्या मासळीत बांगडा असतो, तारली असते, राणीमासा, सौंदाळा, ढोमा आणि म्हाकूळ असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खारवी, भोई, गाबीत आणि दालदी समाजांनी समुद्रातून जे जे वर आले त्याला नाव दिले. परंतु अरबी समुद्रात संख्येने या साऱ्यांना मागे टाकणारा एक मासा असा आहे, की ज्याला मराठीत रूढ नावच नाही. तो लिलावात येत नाही, कालवणात पडत नाही आणि वाळवणालाही लागत नाही. त्याची लांबी जेमतेम बोटभर, आयुष्य उणेपुरे एक वर्षाचे आणि मुक्काम अशा ठिकाणी, जेथे दिवसा उजेड जवळजवळ पोहोचत नाही व श्वासापुरता प्राणवायूही नसतो.

शास्त्रज्ञ त्याला 'बेन्थोसेमा टेरोटम' म्हणतात. ग्रीक भाषेत 'बेन्थोस' म्हणजे समुद्राची खोली आणि 'सेमा' म्हणजे खूण. तो 'मिक्टोफिडी' या कुळातील आहे. जगभर या कुळाच्या सुमारे अडीचशे जाती असून, अंगावर ओळीने लहान लहान दिवे असल्यामुळे इंग्रजीत त्यांना 'लँटर्नफिश' असे नाव पडले. मराठीत त्याला कंदीलमासा म्हणणे सोयीचे ठरेल.

हा मासा कोकणी माणसाला अगदीच परका नाही, त्याचे दूरचे नातलग तो आवडीने खातो. बोंबील आणि चोर बोंबील ज्या गणात मोडतात, त्याच गणात पूर्वीचे वर्गीकरणकार कंदीलमाशांनाही बसवीत असत. १९७० च्या दशकात हे दोन्ही गट वेगळे करण्यात आले. बोंबलाच्या जवळच्या भाऊबंदांपैकी एक तर आजही पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यात राहतो. बोंबलाचे पाणथळ मांस, पाठीवर शेपटीजवळ असणारा हाडाविना मांसल पर आणि मोठा जबडा पाहिला, की किनाऱ्यालगत गाळाच्या पाण्यात राहणारा हा मासा मूळचा कोणत्या घराण्याशी जवळीक सांगतो याची कल्पना येते. कंदीलमाशाच्या पाठीवरही असाच एक छोटा मांसल पर असतो.

किनाऱ्यापासून उतारापर्यंत

हा मासा नेमका राहतो कोठे, हे समजण्यासाठी रत्नागिरीसमोरचा समुद्रतळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाले, तर तळ एकदम खोल जात नाही. शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तो अगदी मंद उताराने खाली उतरतो. हा भूभागाचाच पाण्याखाली गेलेला विस्तार असून त्याला भूखंडमंच म्हणतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो खंभातच्या आखातासमोर सर्वांत रुंद, म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि केरळकडे निमुळता होत साठेक किलोमीटरवर येतो. रत्नागिरी या दोहोंच्या मध्ये. आपल्या ताटातील बहुतेक सारी मासळी याच उथळ मंचावरची. तांडेल खोली मोजताना वाव हे माप वापरतात. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. रोजची मासेमारी काही दहा वावांच्या हिशेबात चालते.

मंच जेथे संपतो तेथे तळ एकदम कोसळतो. सिंधुदुर्गातील विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी 'आंग्रिया बँक' ही बुडीत प्रवाळभूमी याच कडेला आहे. तिचा माथा पृष्ठभागापासून अवघ्या वीस मीटरांवर, पण भोवतालचा समुद्र काहीशे मीटर खोल. कंदीलमाशाचा प्रदेश येथून सुरू होतो. 'बेन्थोसेमा टेरोटम' हा भर महासागरात भटकणारा नसून, मंचाच्या कडेला आणि उतारावर गर्दी करून राहणारा मासा आहे. पश्चिम भारताच्या किनाऱ्यापासून पाकिस्तान, इराण, ओमान ते एडनच्या आखातापर्यंत त्याची वस्ती आढळते. पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात आणि चीनच्या समुद्रातही तो आहे. मात्र ओमानच्या आखातात त्याची दाटी विलक्षण असते.

दिवसभर तो दीडशे ते तीनशे मीटर खोलीवर थव्याने थांबतो. तीनशे मीटरांवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या तीसपट असतो. वर २८ अंश तापमान असताना तेथे बारा-तेरा अंशांचा गारठा असतो. सूर्य मावळू लागला, की हे सारे थवे वर निघतात आणि रात्री वरच्या शंभर मीटरांत, कधी त्याहूनही वर येऊन चरतात. त्यांचे खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, विशेषतः कोळंबीचे बारीक भाऊबंद मानता येतील असे कोपेपॉड. पहाटे उजाडण्याआधी ते पुन्हा खाली जातात. पाच सेंटिमीटरच्या माशाने तीनशे मीटर चढणे म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सहा हजार पट अंतर कापणे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या हिशेबात सांगायचे, तर रोज संध्याकाळी दहा किलोमीटर सरळ वर आणि पहाटे तितकेच खाली. एकही सुटी न घेता.

पृथ्वीवर प्राण्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर कोणते, असे विचारले तर आफ्रिकेतील हरणांचे कळप किंवा सैबेरियातून येणारे पक्षी आठवतात. वजनाचा आणि संख्येचा विचार केला, तर हा मान समुद्रातील या रोजच्या उतरणी-चढणीला द्यावा लागतो. ती सर्व महासागरांत घडते आणि कंदीलमासे तिचे एक प्रमुख वाटेकरी आहेत. चंद्राचाही या हालचालीवर परिणाम होतो. पौर्णिमेच्या आसपास पाण्यात चांदणे खोलवर शिरते, तेव्हा ते फारसे वर येत नाहीत. उधाण-भांगाच्या तिथी पाहून जाळे टाकणाऱ्या कोकणातील मच्छीमाराला याचे नवल वाटू नये.

दिवे कशासाठी?

अंधारात राहणाऱ्या माशाने दिवे लावावेत, हे वरवर पाहता आत्मघाताचे वाटते. प्रत्यक्षात ते लपण्यासाठी आहेत. पाण्यात खोलवर थांबलेल्या शिकारी माशाची नजर बहुधा वर असते. वरून येणाऱ्या फिकट उजेडाच्या पार्श्वभूमीवर एखाद्या माशाची काळी आकृती त्याला सहज दिसते. कंदीलमाशाच्या पोटावरील दिव्यांच्या ओळी नेमका तितकाच आणि तशाच निळसर रंगाचा प्रकाश खाली टाकतात. आकृती पुसली जाते, आणि खालून पाहणाऱ्याला जागा रिकामी दिसते. वरचा उजेड कमी-अधिक झाला, तर मासा आपल्या दिव्यांची तेजस्विता त्यानुसार बदलतो. खोल समुद्रातील अनेक मासे, म्हाकूळ आणि कोळंबी ही युक्ती वापरतात.

प्रत्येक दिवा हा एक स्वतंत्र अवयव असतो. त्याच्या तळाशी आरशासारखा थर, वरती पारदर्शक भिंग आणि मध्ये प्रकाश निर्माण करणाऱ्या पेशी अशी त्याची रचना असते. प्रकाश एका रासायनिक क्रियेतून मिळतो. त्यात उष्णता जवळजवळ वाया जात नाही. काजव्याचा प्रकाशही याच तत्त्वावर चालतो, फक्त रसायने निराळी. कोकण किनाऱ्यावर काही वर्षी हिवाळ्याच्या सुमारास रात्री लाटा निळ्या चमकतात आणि त्या पाहण्यासाठी पर्यटकांची झुंबड उडते. त्या प्रकाशाशी मात्र या माशाचा संबंध नाही. ती 'नॉक्टिल्युका' या एकपेशीय जीवाची करामत असते.

दिव्यांचा दुसरा उपयोग ओळखीचा. पोटावरील दिव्यांची मांडणी निरनिराळ्या जातींत बरीच मिळतीजुळती असली, तरी अंगाच्या बाजूवरील दिव्यांचा नकाशा प्रत्येक जातीत वेगळा असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की बाजूच्या या दिव्यांवरून जाती एकमेकींपासून स्पष्ट ओळखता येतात. एकाच कुळात इतक्या जाती निर्माण होण्यास ही ओळखीची खूणच कारण झाली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. अनेक जातींत नराच्या शेपटीच्या वरच्या बाजूस आणि मादीच्या शेपटीच्या खालच्या बाजूस अधिक ठळक प्रकाशग्रंथी असतात. 'डायफस' या वंशातील माशांच्या नाकाजवळ तर मोटारीच्या हेडलाइटसारखे मोठे दिवे असतात. हे सारे पाहण्यासाठी डोळेही तसेच हवेत. कंदीलमाशाचे डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात.

असा मासा मत्स्यालयात मात्र पाहता येत नाही. रत्नागिरीत १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय प्रसिद्ध आहे, पण जगातील कोणत्याही मत्स्यालयाला कंदीलमासे जिवंत राखणे अतिशय अवघड जाते. त्यांचे खवले इतके नाजूक असतात, की जाळे वर येईपर्यंत बहुतेक गळून पडलेले असतात आणि दिव्यांचीही मोडतोड झालेली असते. संशोधकांच्या हाती येतो तो बहुधा सोललेल्यासारखा दिसणारा, करड्या रंगाचा एक मृत मासा.

श्वासाविना दिवस

या माशाबाबत सर्वांत कोड्यात टाकणारी बाब मात्र दिव्यांची नाही. ती प्राणवायूची आहे.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत पाण्याचा एक जाड थर असा आहे, की त्यात विरघळलेला प्राणवायू अत्यल्प असतो. उत्तर आणि मध्य अरबी समुद्रात या थराच्या गाभ्यात तो पृष्ठभागाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. जगातील सर्वांत तीव्र अशा प्राणवायूहीन पट्ट्यांत याची गणना होते. कारणे दोन. मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येऊन पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींचे अफाट पीक येते. ते मरून खाली बुडते आणि कुजताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. दुसरीकडे हा समुद्र उत्तरेस जमिनीने बंद असल्यामुळे त्या थरात ताजे पाणी फार हळू येते. खोलवर, हजार मीटरांच्या खाली, दक्षिणेकडील थंड पाण्यामुळे प्राणवायू पुन्हा वाढतो. म्हणजे मधलाच मजला गुदमरलेला.

कंदीलमासे दिवसभर नेमके या मजल्याच्या वरच्या भागात किंवा थेट त्याच्या आत जाऊन राहतात. कुपासारखा चपळ मासा अशा पाण्यात फार वेळ टिकू शकत नाही. त्याला सतत पोहावे लागते आणि प्राणवायू भरपूर लागतो. शिकाऱ्याला जेथे येता येत नाही ती जागा शिकारीच्या दृष्टीने सुरक्षित, असा हा व्यवहार आहे. मासा तेथे जवळजवळ निश्चल राहतो. हालचाल आणि थंड पाण्यामुळे चयापचय दोन्ही मंदावल्याने प्राणवायूची गरज घटते आणि रात्री वर आल्यावर श्वासाची कसर भरून निघते. दिवसाचे बारा तास तो अशा रीतीने कसे काढतो, याचा शरीरशास्त्रीय उलगडा पूर्णपणे झालेला नाही. जर्मन संशोधकांनी अरबी समुद्रात केलेल्या पाहणीत या थरात कंदीलमासे आढळल्याची नोंद आहे आणि त्यानंतर हा प्रश्न अभ्यासकांनी सोडलेला नाही.

या थराची व्याप्ती स्थिर राहिलेली नाही, ही गोष्ट कोकणच्या दृष्टीने महत्त्वाची. पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्राणवायूविरहित पाणी मंचावर चढून किनाऱ्याच्या दिशेने येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, पश्चिम किनाऱ्याच्या मंचावरील ही स्थिती तीव्र होत असल्याचे दाखवून दिले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळालगत काही ठिकाणी सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइडही निर्माण होतो. तळाशी राहणाऱ्या मासळीला त्या काळात जागा सोडावी लागते. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओमानच्या आखातात सोडलेल्या स्वयंचलित ग्लायडर यंत्रांनी पूर्वीच्या अपेक्षेहून कितीतरी मोठ्या भागात प्राणवायू जवळपास शून्य असल्याचे मोजले. कंदीलमाशाचा आसरा म्हणजे हीच सीमारेषा आहे. ती वर सरकली, तर त्याला दिवसा लपण्यासाठी अधिक उजेडात यावे लागेल. उजेडात आला, तर तो अधिक शिकाऱ्यांच्या तोंडी पडेल.

मुंबईत बांधलेली बोट आणि खोटा तळ

या माशाची पहिली शास्त्रीय नोंद एका डॉक्टराने केली. आल्फ्रेड अल्कॉक हे 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर शल्यचिकित्सक आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून १८८८ पासून चार वर्षे होते. हे लाकडी, वल्हेचाकी आगबोटीचे जहाज मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधले गेले होते. त्याचे मुख्य काम समुद्राचे नकाशे तयार करणे, परंतु मधल्या वेळात खोल पाण्यात जाळी सोडून मिळेल ते जतन करण्याचा उद्योग अल्कॉक यांनी आरंभिला. बंगालच्या उपसागरातून वर आलेल्या नमुन्यांवरून त्यांनी १८९० मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाले. हिंदी महासागराच्या खोल जीवसृष्टीची भारतातील ओळख बव्हंशी याच बोटीपासून सुरू होते, हे मुंबईकरांना फारसे ठाऊक नाही.

जात ठाऊक झाली तरी तिची संख्या किती, याची कल्पना येण्यास आणखी अर्धशतक आणि एक महायुद्ध जावे लागले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळ पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी ध्वनिलहरी सोडणाऱ्या शास्त्रज्ञांना, तळ फार खोल असतानाही मध्येच कोठून तरी प्रतिध्वनी येत असल्याचे आढळले. जणू समुद्राला दुसरा, खोटा तळ होता. गंमत म्हणजे हा तळ संध्याकाळी वर येई आणि सकाळी खाली जाई. तो जिवंत असल्याचे मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये दाखवले. अनेक कंदीलमाशांच्या पोटात हवेची छोटी पिशवी असते आणि ध्वनिलहरी तिच्यावर आदळून परततात. आज मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर असणारा फिश फाइंडर याच तत्त्वावर चालतो.

त्याच पद्धतीने अरबी समुद्रातील साठा मोजण्याचे काम 'डॉ. फ्रिड्टयॉफ नान्सेन' या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने १९७५ पासून केले. उत्तर व पश्चिम अरबी समुद्रात कंदीलमासे व तत्सम मासळीचा साठा दहा कोटी टनांच्या आसपास असावा, असा अंदाज त्या सर्वेक्षणांतून पुढे आला. त्यातील फार मोठा वाटा 'बेन्थोसेमा टेरोटम'चा. तुलना करायची, तर २०२३ मध्ये भारताच्या संपूर्ण किनाऱ्यावर उतरलेली सागरी मासळी सुमारे ३५ लाख टन होती. जगभरातील मध्यसागरी, म्हणजे दोनशे ते हजार मीटर खोलीवरील माशांचा साठा १९८० मध्ये शंभर कोटी टन मानला गेला. २०१४ मध्ये स्पेनच्या 'मालास्पिना' मोहिमेतील शास्त्रज्ञांनी तो याच्या दहापट असू शकतो, असे म्हटले.

हे आकडे वाचून हरखून जाण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे. हे मासे जाळ्याची चाहूल लागताच बाजूला होतात, त्यामुळे जाळ्याने केलेली मोजणी कमी भरते. उलट ध्वनिलहरींना माशाच्या पोटातील हवा आणि जेलिफिशच्या काही भाऊबंदांच्या अंगातील वायू यांतील फरक नीट कळत नाही. त्यामुळे ती मोजणी जास्तही भरू शकते. शंभर कोटी आणि हजार कोटी यांत दहापटींचे अंतर आहे. ज्या साठ्याचा अंदाज इतका सैल, त्याच्या जोरावर मासेमारीचे धोरण आखणे म्हणजे पासबुक न पाहता धनादेश लिहिण्यासारखे आहे.

धरावा की सोडावा?

तरीही हा मासा धरण्याचे प्रयत्न झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेने १९७३ मध्ये तेथील कंदीलमाशाची सुमारे ४२ हजार टन मासळी पकडली. अंगात तेल इतके, की भुकटी करणाऱ्या कारखान्यांची यंत्रे अडू लागली आणि तो उद्योग मंदावला. सोव्हिएत संघाच्या जहाजांनी दक्षिण महासागरात १९९१ मध्ये ७८ हजार टनांपर्यंत मजल मारली. त्या देशाच्या विघटनाबरोबर ती मासेमारीही आटोपली. इराणने १९९० च्या दशकापासून ओमानच्या आखातात याच 'बेन्थोसेमा'वर प्रयोग केले. उद्देश माणसांच्या खाण्याचा नव्हे. कोंबड्यांच्या व मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी लागणारे फिशमील तयार करण्याचा होता. काही जातींतील चरबी मेणासारखी असते आणि ती माणसाला पचत नाही, हीदेखील एक अडचण आहे.

भारतात कंदीलमासे किनाऱ्यावर आले ते आगंतुक म्हणून. केरळमध्ये कोल्लमसमोरच्या खोल समुद्रात कोळंबीसाठी जाणाऱ्या ट्रॉलरांच्या जाळ्यात 'डायफस' व इतर वंशांचे कंदीलमासे मोठ्या प्रमाणात येतात. ते पुन्हा समुद्रात फेकून दिले जात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यांच्या उपयोगाचा अभ्यास केला. १९८४ मध्ये दाखल झालेल्या 'सागर संपदा' या संशोधन जहाजावरून कोचीच्याच सागरी सजीव संसाधन व पर्यावरण केंद्राने पश्चिम किनाऱ्यावरील खोल पाण्यातील जातींची नोंद घेतली.

किनाऱ्यालगतची मासळी घटत असल्याची तक्रार रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैपासून जैतापूरपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्ष जुना आहे. त्यात प्रखर विजेचे दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीची भर पडली, तेव्हा केंद्र सरकारला नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. अशा वेळी दूर, खोल पाण्यात न वापरलेला कोट्यवधी टनांचा साठा आहे, असे कोणी सांगितले तर ते मोहक वाटणारच. किनाऱ्यावरचा ताण तिकडे वळवावा, हा विचार सरकारी कागदांतून अनेकदा डोकावतो. या पर्यायाकडे पाहताना किमान तीन गोष्टी विसरता येणार नाहीत.

एक म्हणजे, हा साठा न वापरलेला नाही. माणूस वापरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खोल अरबी समुद्रातील मोठे म्हाकूळ रात्री याच माशांवर पोसते. कुपा, इतर मोठे मासे आणि रात्री खोल बुडी मारणारे डॉल्फिन यांच्या आहारात कंदीलमाशांचा वाटा आहे. सूक्ष्म प्राण्यांचे मांसात रूपांतर करून ते वरच्या साखळीकडे पोहोचविणारा हा मधला व्यापारी आहे. तो उठला, तर दोन्हीकडचा व्यवहार बसेल. खोल समुद्रात कुप्यासाठी जाणाऱ्या बोटींनी कंदीलमाशावर जाळे टाकणे म्हणजे आपल्याच गायीचा चारा विकणे होय.

दुसरी गोष्ट हवामानाची. रात्री पृष्ठभागावर खाल्लेले अन्न हा मासा दिवसा खोलवर नेतो. तेथे श्वासातून आणि विष्ठेतून त्यातील कार्बन बाहेर पडतो व पृष्ठभागापासून दूर, दीर्घकाळ खालीच राहतो. हवेतील कार्बन समुद्राच्या पोटात ढकलणारी ही नैसर्गिक पंपव्यवस्था कोट्यवधी लहान मासे रोज फुकट चालवतात. तिचा अरबी समुद्रातील नेमका हिशेब अद्याप मांडला जात आहे.

आणि तिसरी गोष्ट निव्वळ खर्चाची. शंभर-दीडशे किलोमीटर दूर जाऊन दीडशे वावांवर जाळे ओढायचे, बारीक आसाच्या जाळ्याला लागणारे जादा इंधन सोसायचे आणि पकडलेला मासा तेलकट असल्याने तो काही तासांत खराब होऊ लागतो, म्हणून बोटीवरच भुकटीचे यंत्र ठेवायचे. एवढे करून हाती येणार फिशमील, ज्याला भाव सुरमईचा नाही. मिरकरवाड्यातील सध्याच्या बोटींना हे गणित परवडणारे नाही. परवडले तर ते मोठ्या, कारखानावजा जहाजांनाच परवडेल, आणि ती जहाजे कोणाची असतील हा प्रश्न स्थानिक मच्छीमाराच्या जिव्हाळ्याचा आहे.

अमेरिकेने या बाबतीत उलट्या क्रमाने पाऊल टाकले. पॅसिफिक किनाऱ्यालगत आपल्या हद्दीत, मध्यसागरी माशांसह ज्या चारा-मासळीचे व्यवस्थापन झालेले नाही, तिच्यावर नव्याने व्यापारी मासेमारी सुरू करण्यास २०१६ मध्ये मनाई करण्यात आली. आधी त्या मासळीचे पर्यावरणातील स्थान तपासायचे आणि परवान्याचा विचार त्यानंतर, असा तो नियम आहे.

भारतीय बाजूला या माशाच्या जीवनचक्राची माहिती अजून ठिकठिकाणी तुटक आहे. वय काढण्याची रीत त्यातल्या त्यात भरवशाची. माशाच्या कानात असलेल्या खड्यावर रोज एक सूक्ष्म वर्तुळ उमटते. खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडावरून वर्षे मोजावीत तसे दिवस मोजता येतात. 'बेन्थोसेमा टेरोटम' सहसा वर्षभराच्या आतच वाढतो, अंडी घालतो आणि मरतो, हे अशाच वर्तुळांवरून कळले. अंडी काहीशे ते काही हजार, पाण्यात मोकळी सोडलेली. त्यातून निघणारी पिल्ले दिवे उगवेपर्यंत वरच्या पाण्यातच राहतात. इतक्या वेगाने पिढी बदलणारा मासा मासेमारी सोसेल, असे काहीजण म्हणतात. परंतु साठ्याची सारी भिस्त एकाच वर्षाच्या पिढीवर असल्याने, एखादा मोसम बिघडला तर आधाराला मागच्या वर्षाचे मासे उरत नाहीत. तारलीच्या बाबतीत पश्चिम किनाऱ्याने असे चढउतार पाहिले आहेत, आणि तारली तर दोन-अडीच वर्षे जगते.